सोलापुरी चादर, गोळाफेकीचा गोळा आणि नववीतल्या पोराचा प्रश्न

खडू_डस्टर (धागाकर्ता) | ६ मार्च, रात्री ९.४०

मंडळी, विज्ञान दिन होऊन आठवडा झाला, पण त्या दिवशीचा एक प्रश्न डोक्यातून जात नाही. म्हणून धागा काढतोय.

आमची शाळा सोलापूरच्या पूर्व भागात. निम्म्या पोरांच्या घरी माग, निम्म्यांच्या घरी विड्या. यंदा गुरुत्वाकर्षणाचा तो प्रसिद्ध प्रयोग करायचं ठरवलं होतं. ताणलेलं रबरी कापड, मधे जड गोळा, कडेनं गोट्या सोडायच्या, त्या घिरट्या घालत मधे येतात. आता रबरी कापड आणणार कुठून? एका पोरानं घरून कोरी चादर आणली. चौघांनी चार कोपरे धरले, मधे गोळाफेकीचा गोळा ठेवला. पण सोलापुरी चादर ती, ताणेल तर शपथ! गोट्या जागच्या जागी बसल्या आणि पोरं खिदळायला लागली. शेवटी क्रीडाशिक्षकांचा जुना टी-शर्ट उसवून वापरला, तेव्हा कुठं गोट्या फिरल्या.

टाळ्या पडल्या. आइन्स्टाइन, १९१५, 'वस्तुमान अवकाशाला वाकवतं' असं सगळं सांगून मी मोकळा झालो. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक जण उभा राहिला.

"सर, गोळा कापडात रुतला, कारण पृथ्वी त्याला खाली ओढते. म्हणजे गुरुत्वाकर्षण समजवायला तुम्ही गुरुत्वाकर्षणच वापरलं की."

मी गप्प. तो पुढं म्हणाला, "आणि गोळा इतका जड झाला की कापडाला भोकच पडलं, तर?"

भौतिकशास्त्रात बीएस्सी करून २२ वर्षं झाली. 'उद्या सांगतो' म्हणालो. तो उद्या अजून उजाडलेला नाही. जाणकारांनी मदत करा.

---

कडकभाकरी | ६ मार्च, रात्री ९.५२

पहिला नंबर माझा! सर, चादर कुणाच्या घरची होती ते आधी सांगा. गोळ्याला मातीबिती असेल आणि डाग पडला असेल तर आइन्स्टाइन काय भरून देणार नाही बगा. (हलके घ्या.)

पोरगं लई हुशार हाय. वाचतोय.

---

शून्य_केल्विन | ६ मार्च, रात्री ११.२०

मी मूळचा जुळे सोलापूरचा. सध्या पुण्यात याच विषयात पीएचडी करतोय (तिसरं वर्ष, गाईड वैतागलेले), म्हणून तोंड उघडतो.

पोराचा आक्षेप बरोबर आहे. टी-शर्टचा प्रयोग दिसायला छान, पण त्यात वाकते ती फक्त जागा. झाडावरचा आंबा खाली पडतो तो जागेच्या वाकण्यामुळे नाही, जवळजवळ सगळा काळाच्या वाकण्यामुळे. जमिनीवरचं घड्याळ गच्चीवरच्या घड्याळापेक्षा किंचित हळू चालतं. ही नुसती कल्पना नाही. २०१० मध्ये अमेरिकेत दोन अणुघड्याळांच्या उंचीत फक्त ३३ सेंटिमीटरचा फरक ठेवून हे मोजलं गेलं. तुमच्या डोक्याचं आणि पायाचं वय वेगळं आहे, म्हणा ना.

मग घड्याळ हळू चालल्यानं वस्तू खाली का पडते? शाळेची प्रभातफेरी आठवा. चार मुलं हातात हात घालून एका ओळीत सरळ चालली आहेत. उजव्या टोकाचा मुलगा चिखलात शिरला. त्याची पावलं मंदावली, बाकीच्यांची तशीच. ओळ आपोआप उजवीकडे वळते. कुणी ओढलं नाही, कुणी ढकललं नाही, प्रत्येक जण आपापल्या परीनं सरळच चाललाय. आंब्याच्या बाबतीत जमिनीकडची बाजू म्हणजे चिखल, तिथं काळाची पावलं जड पडतात. म्हणून आंबा तिकडे वळतो. यात पृथ्वीनं 'खालून ओढणं' कुठंच लागत नाही, आणि पोराला तेच हवंय.

आता भोक. कापडाला भोक वगैरे पडत नाही. गोळा फारच जड आणि लहान झाला तर त्याचं कृष्णविवर होतं, उजेडही सुटत नाही असं. पण कृष्णविवर म्हणजे छिद्र नव्हे, हद्द. त्या हद्दीच्या आत 'बाहेर' नावाची दिशाच उरत नाही. जसं आपल्याला कालच्या दिवसात परत जाता येत नाही, तसं आत गेलेल्याला बाहेर येता येत नाही. पहिल्या महायुद्धात लष्करात असताना जर्मन खगोलशास्त्रज्ञ कार्ल श्वार्त्सशिल्ड यांनी आइन्स्टाइनच्या समीकरणांचं पहिलं नेमकं उत्तर काढलं, त्यात ही हद्द लपलेली होती. १९१६ मध्ये ते वारले. त्या उत्तराचा अर्थ नीट कळायला पुढं जवळपास अर्धं शतक गेलं.

आकडे सांगितले की वर्ग जागा होतो: सूर्य दाबून दाबून ३ किलोमीटर त्रिज्येत आणला तर त्याचं कृष्णविवर होईल, आपल्या शहरात आरामात मावेल. पृथ्वीचं करायचं तर त्रिज्या ९ मिलिमीटर, म्हणजे एक बोर. आणि सूर्याच्या जागी तेवढ्याच वस्तुमानाचं कृष्णविवर ठेवलं तर पृथ्वी त्यात ओढली जाणार नाही, आहे तिथंच फिरत राहील. फक्त उजेड जाईल. (तो आमच्या भागात असाही जातो.)

---

अनुस्वार | ७ मार्च, सकाळी ७.०५

उत्तम प्रतिसाद. त्या हद्दीला मराठीत 'घटनाक्षितिज' असा फार देखणा शब्द आहे, तो वापरावा. आणि धागाकर्त्यांस: 'समजवायला' नव्हे, 'समजावायला'. मास्तरांनी तरी पाळावं.

---

कडकभाकरी | ७ मार्च, सकाळी ७.३०

अनुस्वारकाका, तुम्ही कृष्णविवरात पडला तरी आतून शुद्धलेखन तपासालाव. पण बाहेर कुणाला ऐकू येणार नाही, तेवढाच फायदा.

---

उभा_आडवा | ७ मार्च, दुपारी १.१५

नमस्कार. चादर आमचीच होती.

पोरानं न विचारता नेली. डाग नाही पडला, भाकरीभाऊ, काळजी नसावी. रात्री त्याच्याकडून सगळं ऐकलं आणि हा धागा सापडला. आम्ही घरी तेलुगू बोलतो, लिहिण्यात चूक झाली तर अनुस्वारकाकांनी सांभाळून घ्यावं.

माझा प्रश्न वेगळा आहे. आमच्याकडे आठ माग, त्यातले दोन जकार्डचे. जकार्डला पुठ्ठ्याची भोकं पाडलेली कार्डं लागतात. भोक असेल तिथला उभा धागा उचलतो, नसेल तिथला खाली राहतो, मधून धोटा जातो. एका डिझाइनला शेकडो कार्डं. आता कॉम्प्युटरवर होतं, पण माझे वडील आलेखाच्या कागदावर काढून हातानं कार्डं पाडायचे. दोन वर्षांपूर्वी गोदामात पाणी शिरलं आणि त्यांच्या हातच्या कार्डांचा लगदा झाला. वडील त्याच्या आधीच गेलेले. मधे मोर आणि चारी कोपऱ्यांना वेल, असं एक डिझाइन होतं. ते आता परत होणे नाही.

यूट्यूबवर एकानं सांगितलं, विज्ञानाप्रमाणे माहिती कधीच नष्ट होत नाही. मला काय पटलं नाही. लगद्यात कुठं हाय डिझाइन? आणि लगद्याचं जाऊ द्या, तीच कार्डं कृष्णविवरात टाकली तर?

---

शून्य_केल्विन | ७ मार्च, रात्री १०.५०

दादा, तुम्ही जे विचारलंय त्यावर गेली ५० वर्षं जगातली हुशार माणसं भांडताहेत. जरा लांबण लागेल.

आधी लगदा. व्हिडिओवाला बरोबर आहे, पण अर्धंच सांगतो. पुंजभौतिकीचा (क्वांटम, म्हणजे अणू आणि त्याहून बारीक कणांच्या शास्त्राचा) नियम असा की आत्ताच्या क्षणाची सगळी, अगदी सगळी अवस्था माहीत असेल तर मागचा क्षण हिशेबानं काढता येतो. लगद्यातला एकेक तंतू, पाण्याचा एकेक रेणू, भिंतीत मुरलेली ओल, उडून गेलेली वाफ, सगळं तंतोतंत मोजता आलं तर मोर परत मिळेल. करणार कोण? कुणीच नाही. पण 'अशक्यप्राय कठीण' आणि 'तत्त्वतः अशक्य' यात फरक आहे, आणि भौतिकशास्त्राचा जीव त्या फरकात अडकलाय.

आता कार्डं कृष्णविवरात. १९७४ पर्यंत भांडण नव्हतं. कार्डं आत गेली, दिसत नाहीत, पण आत आहेत, कुलूपबंद. मग स्टीफन हॉकिंग यांनी दाखवलं की कृष्णविवर पूर्ण काळं नसतं, त्यातून अगदी मंद उष्णता बाहेर पडते. उष्णता गेली की वस्तुमान घटतं, घटत घटत विवर संपून जातं. म्हणजे कुलूपच नाही, कपाटसुद्धा गायब. आणि हॉकिंगच्या गणिताप्रमाणे बाहेर पडणारी उष्णता आत काय टाकलं यावर अवलंबून नाही. फक्त विवराचं वस्तुमान, विद्युतभार आणि फिरकी. मोराची कार्डं टाका नाहीतर तेवढ्याच वजनाची शेंगाचटणी, बाहेर तेच. मग मोर गेला कुठं? १९७६ मध्ये हॉकिंग स्वतः म्हणाले की गेला, कायमचा.

ही उष्णता येते कशी, याचं पुस्तकी चित्र सगळ्यांनी ऐकलं असेल: हद्दीवर कणांची जोडी तयार होते, एक आत पडतो, एक पळतो. चित्र म्हणून ठीक. पण मला ते टी-शर्टच्या प्रयोगासारखंच वाटतं, सोयीचं आणि थोडं फसवं. सूर्याएवढ्या वस्तुमानाचं विवर ६ किलोमीटर रुंद. त्यातून येणाऱ्या लहरींची लांबी हिशेबानं ५० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे सोलापूर ते तुळजापूर! कोजागरीला लोक चालत जातात तेवढी एक लहर. ती विवराच्या कातडीवर एका ठिकाणी 'जन्मली' असं कसं म्हणणार? विवरापेक्षा लहरच मोठी.

खरा मुद्दा 'रिकामं' कशाला म्हणायचं हा आहे. पुंजभौतिकीत पूर्ण रिकामी जागासुद्धा निवांत नसते, तिच्यात क्षेत्रांची सतत चुळबुळ असते. तारा कोसळायच्या आधी जी अवस्था रिकामी होती, तीच अवस्था तारा कोसळून घटनाक्षितिज तयार झाल्यावर लांबच्या माणसाला रिकामी दिसत नाही, ऊबदार दिसते. कारण मधे काळाची मोजपट्टीच बदलून गेली. हॉकिंगचं मूळ गणित हे आहे.

---

विजापूर_वेस | ७ मार्च, रात्री ११.३०

ऊबदार म्हणजे किती? आपल्याकडं आत्ताच ३८ आहे, मे मध्ये ४४ होणार. विचारून ठेवलेलं बरं.

---

शून्य_केल्विन | ८ मार्च, रात्री १२.१०

सूर्याएवढ्या वस्तुमानाच्या विवराचं तापमान निरपेक्ष शून्याच्या (ज्याच्याखाली गारठा नाही, त्या तापमानाच्या) वर एका अंशाचे सुमारे ६ कोट्यंश... थांबा, बरोबर सांगतो: एका अंशाचे १०० कोटी भाग करा, त्यातले ६० घ्या. सगळ्या विश्वात महास्फोटाची उरलेली ऊब २.७ केल्विन, म्हणजे त्याच शून्याच्या वर २.७ अंश आहे. म्हणजे हे विवर आजूबाजूपेक्षा प्रचंड थंड. ते आटत नाहीये, उलट ऊब खातंय. आटायला लागलं तरी एकावर ६७ शून्यं इतकी वर्षं. चहा गार होईल.

आणि गंमत बघा, विवर ऊर्जा गमावतं तसं गार नाही, जास्त गरम होतं. जितकं लहान तितकं तापट. तुमच्यासाठी मुद्दाम हिशेब केला: सोलापूरच्या मे महिन्याइतकं, ४४ अंश सेल्सिअसचं विवर हवं असेल तर त्याची रुंदी सव्वा मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आतच. उभा_आडवा दादांच्या कापसाच्या तंतूच्या दहाव्या भागाएवढी. वजन मात्र सुमारे ४ वर २० शून्यं इतके किलो.

---

होटगी_रोड | ८ मार्च, सकाळी ९.४५

सगळं वाचलं. मनापासून विचारतो, राग मानू नका. आमच्या गल्लीत नळाला चार दिवसांनी पाणी येतं. आणि इथं एकावर ६७ शून्यं वर्षांनी आटणाऱ्या विवराची चिंता. ज्याची उष्णता मोजता येत नाही, जे कधी कुणी बघणार नाही, त्यावर लोक पगार घेतात. याचा उपयोग काय?

---

खडू_डस्टर | ८ मार्च, सकाळी १०.२०

प्रश्न रास्त आहे. पाण्याचं उत्तर माझ्याकडे नाही, आमच्याकडेही पिंपंच आहेत. पण तुम्ही मोबाइलवर नकाशा लावून पुण्याला जाता ना? त्या उपग्रहांवरची घड्याळं जमिनीपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढं पळतात. उंचीमुळे ४५ पुढं, वेगामुळे ७ मागं. ही दुरुस्ती केली नाही तर एका दिवसात तुमची जागा काही किलोमीटरांनी चुकते. १९१५ मध्ये आइन्स्टाइनला कुणी 'उपयोग काय' विचारलं असतं तर त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

---

होटगी_रोड | ८ मार्च, सकाळी १०.४१

हे उदाहरण दर वेळी देतात. आइन्स्टाइनचा उपयोग झाला म्हणून सगळ्यांचा होईल असं थोडंच आहे? हॉकिंगचं मोजून दाखवा, मग बोलू.

---

पेठेतली_सून | ८ मार्च, दुपारी ३.३०

बायका झोपतात त्या वेळात मी हा धागा वाचतेय. ३१ वर्षं बँकेत काढली, आता निवृत्त. भौतिकशास्त्र बारावीला सुटलं. पण हे प्रकरण मला हिशेबाचंच वाटतंय. माझ्या भाषेत मांडून बघते, शून्य यांनी चुका काढाव्या.

पावतीपुस्तक घ्या. प्रत्येक पावतीची एक स्थळप्रत असते. गिऱ्हाइकाला पावती दिली, स्थळप्रत आपल्या ड्रॉवरमध्ये. नुसती पावती बघून काही कळत नाही, दोन्ही जुळवल्या की हिशेब लागतो. विवरातून बाहेर पडणारी प्रत्येक लहर म्हणजे पावती आणि तिची स्थळप्रत आत. बरोबर? मग जितकी उष्णता बाहेर, तितक्या स्थळप्रती आत साठत चालल्या. पण ड्रॉवर तर लहान लहान होतोय! एक वेळ अशी येणार की स्थळप्रती ड्रॉवरमध्ये मावणारच नाहीत. आणि शेवटी ड्रॉवरच नाहीसा झाला तर बाहेर बिनहिशेबी पावत्यांचा ढीग. आमच्याकडे असं झालं असतं तर चौकशी लागली असती.

---

शून्य_केल्विन | ८ मार्च, रात्री ९.००

ताई, दंडवत. चूक काय काढू? १९९३ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ डॉन पेज यांनी नेमका हाच मुद्दा मांडला.

तुमच्या ड्रॉवरचं माप सांगतो. १९७२-७३ च्या सुमारास याकोब बेकेनस्टाइन या तरुण विद्यार्थ्यानं म्हटलं की विवरात किती माहिती मावते हे त्याच्या आकारमानावर नाही, घटनाक्षितिजाच्या क्षेत्रफळावर ठरतं. विचित्र आहे. गोदामात किती गठ्ठे मावतील हे आपण लांबी-रुंदी-उंची गुणून काढतो. इथं फक्त भिंती मोजायच्या! हॉकिंगला आधी हे पटलं नव्हतं. ते खोडायच्या नादात केलेल्या गणितातूनच पुढं त्यांची उष्णता निघाली आणि बेकेनस्टाइन बरोबर ठरला.

पेजचं म्हणणं: पुंजभौतिकी खरी असेल तर साधारण निम्मं क्षेत्रफळ आटेपर्यंत बिनजोडीच्या पावत्या वाढत जातील, त्यानंतर कमी व्हायला लागतील. म्हणजे नंतर येणाऱ्या पावत्या आधीच्या पावत्यांशीच जुळायला लागल्या पाहिजेत. आलेख डोंगरासारखा, वर जाऊन खाली यायला हवा. हॉकिंगचा आलेख मात्र वरच जातो. भांडण इतकंच.

१९९७ मध्ये हॉकिंग आणि किप थॉर्न यांनी जॉन प्रेस्किल या दुसऱ्या भौतिकशास्त्रज्ञाशी पैज लावली होती की माहिती नष्टच होते. २००४ मध्ये डब्लिनच्या परिषदेत हॉकिंगनी हार मानून प्रेस्किलना बेसबॉलचा ज्ञानकोश दिला. थॉर्न यांनी तेव्हा हार मानली नाही. मला थॉर्न यांचं वागणं जास्त आवडतं, कारण हॉकिंगनी दिलेलं कारण तेव्हा बऱ्याच जणांना पुरेसं वाटलं नव्हतं.

खरी हालचाल २०१९ मध्ये झाली. जेफ पेनिंग्टन यांनी एकीकडे आणि अल्महेरी, एंगलहार्ट, मारोल्फ, मॅक्सफिल्ड या चौघांनी दुसरीकडे हिशेब केला आणि आलेख खरंच खाली वळला. ताईंच्या भाषेत: निम्म्यानंतर ड्रॉवरच्या आतल्या काही स्थळप्रती बाहेरच्या खात्यातच जमा धरायच्या असं गणित सांगतं. या आतल्या भागाला 'बेट' म्हणतात. पण हे हिशेब सोप्या, बऱ्याचदा कमी मितींच्या नमुना-विश्वांतले आहेत. शिवाय आलेख वळतो हे कळलं, तरी मोर नेमका कोणत्या वाटेनं बाहेर आला हे त्यातून दिसत नाही. समीर माथुर तर म्हणतात की मुळात आत रिकामं असं काही नसतंच, विवर म्हणजे तंतूंचा गुंता, त्यामुळे लोकरीच्या गोळ्यासारखं पृष्ठभागापर्यंत भरलेलं. यात कोण बरोबर यावर आमच्या विभागात चहाला दोन टोळ्या पडतात.

---

खडू_डस्टर | ८ मार्च, रात्री ९.४०

एक शंका. गेल्या वर्षी बातमी वाचली होती की दोन कृष्णविवरं एकत्र आली आणि हॉकिंगचा नियम सिद्ध झाला की क्षेत्रफळ कधी कमी होत नाही. इथं तर क्षेत्रफळ आटतंय म्हणताय. हॉकिंगच हॉकिंगच्या विरोधात?

---

शून्य_केल्विन | ८ मार्च, रात्री १०.३०

सर, हा प्रश्न परीक्षेत विचारण्यासारखा आहे.

ती घटना १४ जानेवारी २०२५ ची, संक्रांतीची. इकडं सिद्धेश्वर यात्रेच्या गड्ड्यावर गर्दी होती आणि तिकडं अमेरिकेतल्या लायगोच्या यंत्रांनी तोवरची सगळ्यात स्पष्ट गुरुत्वलहर (अवकाशातच उठलेली लाट) टिपली. दोन विवरांचं मिळून क्षेत्रफळ सुमारे २ लाख ४० हजार चौरस किलोमीटर, एक झाल्यावर सुमारे ४ लाख. महाराष्ट्र ३ लाख ७ हजार आहे, म्हणजे महाराष्ट्रापेक्षा लहान होतं ते महाराष्ट्रापेक्षा बरंच मोठं झालं. वस्तुमानाचा काही भाग लहरींत उधळला जाऊनही क्षेत्रफळ वाढलं. हॉकिंगचा १९७१ चा नियम तो हा.

पण त्या नियमाच्या सिद्धतेत एक अट असते: ऊर्जा कुठंही उणे नको. ही अट जिथून आत येते ते समीकरण कोलकात्याच्या अमलकुमार रायचौधुरी यांचं, १९५५ चं. अगदी थोडक्यात, मोकळे सोडलेले शेजारशेजारचे मार्ग गुरुत्वामुळे एकमेकांकडे झुकतात आणि ऊर्जा उणे नसेल तर हे झुकणं थांबत नाही. याच समीकरणाच्या खांद्यावर रॉजर पेनरोज यांनी १९६५ मध्ये दाखवलं की कोसळणाऱ्या ताऱ्याच्या पोटात सिंग्युलॅरिटी, म्हणजे जिथं अवकाश-काळच संपतो अशी जागा, टाळता येत नाही, २०२० चं नोबेल त्याचंच. पुंजभौतिकी मात्र थोडी उणे ऊर्जा उधार देते. हॉकिंगच्या उष्णतेबरोबर विवरात उणे ऊर्जा जाते, अट मोडते, क्षेत्रफळ घटू शकतं. मोठ्या विवरांच्या टकरीत हा परिणाम इतका नगण्य की १९७१ चा नियम बिनधास्त चालतो.

जाता जाता: टक्कर झाल्यावर नवं विवर घंटेसारखं घुमून शांत होतं. हे घुमणं १९७० मध्ये कागदावर पहिल्यांदा दाखवलं आपल्या सी. व्ही. विश्वेश्वर यांनी. ऐकू आलं २०१५ नंतर. होटगी_रोड साहेब, ४५ वर्षं. आणि पुढचं यंत्र आपल्याच राज्यात, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथला, ४ किलोमीटरच्या दोन भुजांचं. २०२३ मध्ये केंद्रानं २६०० कोटी मंजूर केलेत.

---

होटगी_रोड | ९ मार्च, सकाळी ८.१५

लहरी मोजल्या, मान्य. माझा आक्षेप उष्णतेवर आणि बेटांवर आहे. त्या मोजल्या का?

---

शून्य_केल्विन | ९ मार्च, सकाळी ११.००

नाही. आकाशातल्या एकाही विवराची उष्णता मोजलेली नाही. फार पूर्वी तयार झालेली, डोंगराएवढ्या वजनाची चिमुकली विवरं असतील तर ती आत्ता स्फोट होऊन संपत असायला हवीत. शोधली, सापडली नाहीत.

जवळचं एक उदाहरण आहे. १९८१ मध्ये विल्यम अनरू यांनी सुचवलं की उजेडाऐवजी आवाज घ्या. उजनीच्या सांडव्याकडं पाणी ओढलं जातंय आणि एका ठिकाणापुढं पाण्याचा वेग पाण्यातल्या आवाजापेक्षा जास्त आहे असं समजा (खऱ्या उजनीत नाही, घाबरू नका). त्या रेषेपलीकडच्या माशाची हाक मागच्या माशाला कधीच ऐकू येणार नाही. हे आवाजाचं कृष्णविवर. इस्रायलमध्ये जेफ स्टाइनहावर यांनी अतिशीत अणूंच्या प्रवाहात असं विवर केलं, आणि २०१६ व २०१९ मध्ये त्यातून हॉकिंगसारखीच उष्णता येत असल्याचं मांडलं. यातून गणिताची पद्धत तपासली जाते. गुरुत्वाबद्दल थेट काही कळत नाही, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे.

---

उभा_आडवा | ९ मार्च, दुपारी २.००

तंतूंचा गुंता म्हणालात तेव्हापासून विचारायचं होतं. अवकाश म्हणजे कापड असं सगळेच म्हणतात. पण कापडाला धागे असतात, लांबून सलग दिसतं, भिंगाखाली भोकंच भोकं. अवकाशाला आहेत का धागे?

---

शून्य_केल्विन | ९ मार्च, रात्री १०.१५

दादा, हे वाचून हसू आलं, कारण १९९२ मध्ये अभय अष्टेकर, कार्लो रोव्हेली आणि ली स्मोलिन या तिघांचा एक शोधनिबंध आला त्याच्या नावातच 'क्वांटम धाग्यांनी विणणं' आहे. अष्टेकर आपल्या धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरचे, जन्म १९४९. १९८६ मध्ये त्यांनी आइन्स्टाइनची समीकरणं नव्या चलांत लिहिली, त्यातून 'लूप क्वांटम ग्रॅव्हिटी' ही शाखा उभी राहिली. तिच्या मते क्षेत्रफळ हवं तेवढं लहान करता येत नाही. जसा तुमच्या कापडात एका धाग्याच्या खाली हिशेब नाही. हा 'धागा' १ मीटर भागिले एकावर ३५ शून्यं, या मापाचा. अष्टेकर आणि बोजोवाल्ड यांनी २००५ मध्ये मांडलं की अशा विणीत सिंग्युलॅरिटी उरतच नाही, अवकाश तिथं संपत नाही, पलीकडे चालू राहतं. मग माहितीलाही वाट मिळते.

पण एक सावधगिरी. तुमचं कापड खोलीत असतं. हे कापड कशातच नाही, तेच खोली आहे. टी-शर्टचा प्रयोग आणि हे, दोन्हीकडे उपमा इथंच दगा देते.

दुसरी मोठी शाखा स्ट्रिंग सिद्धांताची, म्हणजे सगळे कण मुळात थरथरणारे बारीक तंतू आहेत असं मानणारी. १९९६ मध्ये स्ट्रॉमिंजर आणि वाफा यांनी एका खास प्रकारच्या विवराच्या आतल्या अवस्था मोजून दाखवल्या आणि आकडा बेकेनस्टाइन-हॉकिंगच्या क्षेत्रफळाशी तंतोतंत जुळला. त्याच्या आदल्या वर्षी आपल्या अशोक सेन यांनी त्या वाटेवरचं पाऊल टाकलं होतं. खरं विवर मात्र त्या खास प्रकारचं नसतं.

---

अनुस्वार | ९ मार्च, रात्री १०.४०

धाग्यावर धाग्यांची चर्चा. वाचनखूण साठवली आहे. ('सिंग्युलॅरिटी'ला मराठी शब्द सुचवतो, दोन दिवस द्या.)

---

होटगी_रोड | ९ मार्च, रात्री ११.०५

शून्य, तुम्ही 'मोजलं नाही' हे सरळ कबूल केलंत ते आवडलं. मत बदललेलं नाही. पाणी आज आलं, ४० मिनिटं.

---

खडू_डस्टर | ११ मार्च, सायंकाळी ६.३०

आज वर्गाला मैदानावर नेलं. प्रभातफेरी केली. लांब उडीचा वाळूचा खड्डा आहे, चौघांना हात धरून असं चालायला लावलं की उजव्या टोकाचा वाळूतून जाईल. ओळ वळली! तीनदा करून पाहिलं, तिन्ही वेळा वळली. एकदा वाळूतला पोरगा तोंडावर आपटला, ते सोडा.

मागच्या बाकावरचा गडी शांतपणे बघत होता. मग म्हणाला, "सर, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचा नववी ब चा वर्ग आमच्यापेक्षा लवकर म्हातारा होणार?"

हो म्हणालो. किती लवकर, ते काढायला सांगितलंय. मलाही काढायला लागेल. शून्य, मजल्याची उंची ३.३ मीटर धरू का?

---

शून्य_केल्विन | ११ मार्च, सायंकाळी ७.१०

धरा. दर मीटरला साधारण १ भागिले एकावर १६ शून्यं इतका फरक. तळमजल्यापासून दोन जिने मोजायचे की तीन ते बघा, आणि शाळेचे तास धरा, घरचे नको.

---

उभा_आडवा | १२ मार्च, रात्री ९.२०

अवांतर आहे. परवा बार्शीला आत्याकडं गेलो होतो. तिच्या ट्रंकेत वडिलांच्या डिझाइनची एक चादर निघाली, मोराची. तिच्या लग्नात दिलेली. रंग गेलाय, पण वीण शाबूत. भिंग लावून एकेक उभा धागा वर की खाली ते बघतोय आणि आलेखावर उतरवतोय. एक कोपरा उंदरानं खाल्लाय. वेल चारी कोपऱ्यांना सारखीच असल्यानं तेवढं बाकीच्या तीनवरून भरता येतं. मोराची चोच मात्र घडीवर आल्यानं झिजलीय. तिथले वीसेक धागे लागत नाहीयेत.

सर, शाळेत आलेखाचे मोठे कागद मिळतात का? दुकानातले पुरत नाहीत.